चेकपॉइंट म्हणजे काय? डेटाबेसची लॉग फाइल, जबरदस्तीचा चेकपॉइंट आणि गेवराईतली ११ दिवसांची उधारी

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तुम्ही कधी अँड्रॉइड ॲप बनवलं असेल आणि त्याचं डेटाबेसचं फोल्डर उघडून पाहिलं असेल, तर एकाच नावाच्या तीन फाइली शेजारी शेजारी दिसल्या असतील. एकीच्या शेवटी डीबी, दुसरीच्या शेवटी डीबी-वॉल आणि तिसरीच्या शेवटी डीबी-एसएचएम. पहिली म्हणजे डेटाबेस, हे कोणीही सांगेल. बाकीच्या दोन बहुतेकांना कचरा वाटतात. पण तुम्ही सगळ्यात शेवटी जे सेव्ह केलं, ते बऱ्याचदा फक्त त्या दुसऱ्या फाइलमध्येच असतं.

ती दुसरी फाइल म्हणजे ट्रान्झॅक्शन लॉग. राइट-अहेड लॉग या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडून तिचं नाव वॉल पडलं. तिच्यातले बदल मुख्य फाइलमध्ये उतरवायच्या कामाला चेकपॉइंट म्हणतात. हे काम डेटाबेस स्वतःहून करत असतो. पण काही वेळा ते सांगून, म्हणजे जबरदस्तीने, करून घ्यावं लागतं. ते कधी, कसं, आणि कधी अजिबात करायचं नाही, तेवढंच या लेखात बघू.

रोजकीर्द आणि खतावणी

घरात जुन्या पद्धतीने हिशेब लिहिणारं कोणी असेल तर लॉग समजायला दोन मिनिटं लागतात. दिवसभर ज्या क्रमाने व्यवहार होतात, त्याच क्रमाने ते रोजकीर्दीत लिहायचे. मग सवडीने एकेक नोंद खतावणीत त्या त्या माणसाच्या खात्यावर उतरवायची. रोजकीर्दीत शेवटच्या ओळीखाली लिहीत जायचं असतं, पान शोधावं लागत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी काम होतं. खतावणीत प्रत्येकाचं पान वेगळं, ते शोधायला वेळ लागतो. ही पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीत लिहिलेल्या रोजकीर्दी आजही आहेत.

डेटाबेस नेमकं हेच करतो. मुख्य फाइल म्हणजे खतावणी, लॉग म्हणजे रोजकीर्द. तुम्ही सेव्ह दाबलं की बदल आधी लॉगच्या शेवटी लिहिला जातो. लॉग डिस्कवर पक्का उतरला की डेटाबेस 'झालं' म्हणतो. मुख्य फाइलमधली योग्य पानं नंतर, सवडीने. मध्येच वीज गेली तर पुढच्या वेळी चालू होताना डेटाबेस लॉग वाचतो आणि राहिलेल्या नोंदी पुन्हा लावतो.

मग प्रश्न येतो: लॉग कुठून वाचायला सुरुवात करायची? पहिल्या दिवसापासून वाचत बसलं तर दुकान दुपारी उघडेल. म्हणून मधूनमधून डेटाबेस लॉगमधलं सगळं मुख्य फाइलमध्ये उतरवतो आणि खूण करतो की इथपर्यंतचं झालं. ही खूण म्हणजेच चेकपॉइंट. त्याचे फायदे दोन. अपघातानंतर उठायला वेळ कमी लागतो. आणि खुणेच्या मागचा लॉग आता लागत नसल्यामुळे ती जागा पुन्हा वापरता येते. 'लॉग फाइल फुगली, चेकपॉइंट मार' असा सल्ला मिळतो तो या दुसऱ्या फायद्यासाठी. तो सल्ला अर्धाच खरा आहे, ते पुढे येईलच.

या सगळ्याची शिस्तशीर मांडणी १९९२ च्या एरीज या शोधनिबंधात झाली. त्याचे पहिले लेखक सी. मोहन, आयआयटी मद्रासमधून शिकलेले आणि तेव्हा आयबीएममध्ये संशोधक असलेले. चालू कामं न थांबवता चेकपॉइंट कसा घ्यायचा, हे त्या निबंधात आहे. आजचे बरेच मोठे डेटाबेस त्याच वाटेने जातात.

गेवराईत काय झालं

बीड जिल्ह्यात गेवराईला माझ्या मामांचं खत-बियाण्याचं दुकान आहे. मृगाचा पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत वर्षाचा मोठा धंदा होऊन जातो. कापसाच्या बियाण्याच्या पिशव्या, डीएपी, युरिया, आणि त्यातला बराचसा माल उधारीवर. पैसे येतात ते दिवाळीच्या आसपास, कापूस विकल्यावर. ऊसतोडीला जाणारी घरं असतील तर मुकादमाकडून उचल मिळाल्यावर. म्हणजे मधले चार-पाच महिने दुकानदार आणि शेतकरी दोघंही त्या एका नोंदीच्या भरवशावर असतात.

मामेभावाने ही उधारी वहीतून कॉम्प्युटरवर आणली होती. सॉफ्टवेअर ओळखीतल्या एकाने बनवून दिलेलं, आत एसक्यूलाइट, वॉल मोड चालू. दोन वर्षांपूर्वी २० जूनला त्याने नवा लॅपटॉप घेतला. जुन्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर चालू असतानाच त्याने फक्त डीबी फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि लॅपटॉपवर टाकली. उघडली. सगळी नावं दिसली, प्रत्येकाची बाकी दिसली. कुठे एरर नाही, काही नाही. दोन दिवस त्याच्यावर बिलंही झाली.

तिसऱ्या दिवशी एक शेतकरी काका आले. त्यांनी १४ जूनला पाच हजार रुपये जमा केले होते. लॅपटॉप म्हणत होता, पूर्ण बाकी. भरल्या दुकानात मामेभावाने त्यांना सांगितलं की तुमचे पैसे आलेलेच नाहीत. काकांनी खिशातून पावती काढून काउंटरवर ठेवली. त्यानंतर मला पुण्याला मामांचा फोन आला. "अगं, तुमचं हे मशीन म्हणतंय माणसानं पैसे दिलेच नाहीत. पावतीवर माझी सही हाय."

फोन मामेभावाकडे द्यायला लावला आणि विचारलं, जुना कॉम्प्युटर कुठाय?

"हाय की ताई, माळ्यावर टाकलाय. त्यातल्या त्या दोन फालतू फाइली डिलीट करीत होतो, पर करूच देईना. वापरात हाय म्हणं."

सॉफ्टवेअर चालू होतं म्हणून विंडोजने त्या फाइली पुसू दिल्या नाहीत, आणि त्याने वैतागून सरळ मागचा स्विच बंद केला. तेच नशीब. मी शनिवारी गेले. आधी तिन्ही फाइली जशाच्या तशा दुसरीकडे कॉपी केल्या, मग त्या कॉपीवर काम सुरू केलं. मुख्य फाइल ९ एमबीची होती. वॉल फाइल ६१ एमबीची. डेटाबेस तिन्ही फाइलींसकट उघडला आणि १० ते २० जूनच्या सगळ्या नोंदी समोर आल्या, काकांचे पाच हजार धरून.

आता खरा प्रश्न. एसक्यूलाइट तर लॉग १००० पानांचा झाला की आपोआप चेकपॉइंट करतो. एक पान साधारण ४ केबीचं, म्हणजे ४ एमबीला. मग लॉग ६१ एमबीपर्यंत कसा गेला?

कारण सापडलं उधारीच्या यादीच्या खिडकीत. ९ जूनला ती खिडकी उघडली गेली आणि तशीच मागे राहिली. सॉफ्टवेअर यादीतली पहिली ५० नावं वाचून थांबत होतं, खाली सरकवलं तरच पुढची वाचत होतं. म्हणजे वाचनाचं काम अर्धवट, आणि डेटाबेसच्या लेखी एक वाचक अजून ९ जूनच्या स्थितीत उभा. एसक्यूलाइटचा नियम असा की उभ्या वाचकाच्या पायाखालची फाइल बदलायची नाही. त्यामुळे चेकपॉइंट ९ जूनपर्यंतचं उतरवून तिथेच थांबत होता. त्यापुढची प्रत्येक नोंद फक्त लॉगमध्ये साठत गेली. आणि म्हणूनच कॉपी केलेली फाइल बिघडलेली नव्हती, फक्त ११ दिवस जुनी होती. बिघडली असती तर बरं झालं असतं, लगेच कळलं असतं.

एवढी वर्षं हे का झालं नाही, याचं उत्तर ऐकून मामा बराच वेळ हसत होते. परळीला औष्णिक वीज केंद्र असलेल्या आमच्या जिल्ह्यात वीज जाणं नवीन नाही. वीज गेली की कॉम्प्युटर बंद, खिडकी बंद, अडकलेला वाचक गायब. पुन्हा चालू केलं की लॉग वाचला जायचा आणि चेकपॉइंट सुरळीत चालायचा. त्या मे महिन्यात त्यांनी इन्व्हर्टर बसवला होता. तेव्हापासून कॉम्प्युटर बंदच झाला नव्हता. लोडशेडिंग त्यांच्यासाठी चेकपॉइंटचं काम करत होतं.

लॅपटॉपवरची दोन दिवसांची बिलं मात्र हाताने जुळवावी लागली. लॅपटॉपने बिल नंबर ९ जूनच्या पुढून सुरू केले होते, त्यामुळे एकाच नंबरची दोन-दोन बिलं दोन वेगळ्या शेतकऱ्यांकडे गेली होती. ६४ बिलं. रात्री अकरापर्यंत मी आणि मामेभाऊ कार्बन कॉपी घेऊन बसलो. मामा दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या घरी जाऊन आले.

एसक्यूलाइटमध्ये जबरदस्ती कशी करायची

वॉल मोड एसक्यूलाइटमध्ये २०१० साली, ३.७.० या आवृत्तीत आला. हाताने चेकपॉइंट करायची आज्ञा आहे 'प्रॅग्मा वॉल_चेकपॉइंट' आणि तिच्यापुढे कंसात प्रकार. टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायचं. चार प्रकार नेहमी भेटतात.

पॅसिव्ह हा सगळ्यात नरम. कोणाला न अडवता जेवढं उतरवता येईल तेवढं उतरवतो आणि परत येतो. आपोआप होतो तो हाच. फुल हा लिहिणाऱ्यांना थांबवतो, जुन्या स्थितीतल्या वाचकांची वाट बघतो आणि सगळं उतरवतो. रीस्टार्ट त्याच्या पुढे जाऊन, पुढचं लेखन लॉगच्या पहिल्या ओळीपासून सुरू होईल अशी व्यवस्था करतो. ट्रंकेट एवढं सगळं करून लॉग फाइल शून्य बाइटची करतो. फाइल कॉपी करायच्या आधी हवा असतो तो ट्रंकेट.

आता लोक चुकतात ती जागा. आज्ञा दिली म्हणजे काम झालं असं नाही. ती तीन आकडे परत देते आणि ते वाचावे लागतात. पहिला आकडा ० असेल तर अडथळा आला नाही, १ असेल तर कोणीतरी अडवलं. दुसरा आकडा लॉगमध्ये एकूण किती पानं आहेत तो, तिसरा त्यातली किती उतरली तो. ट्रंकेट पूर्ण झाला तर तिन्ही आकडे ० येतात. पॅसिव्हमध्ये पहिला आकडा सहसा ०च असतो, काम अर्धवट राहिलं तरी, म्हणून तिथे दुसरा आणि तिसरा सारखे आहेत का ते बघायचं.

गेवराईत त्या दिवशी ट्रंकेट चालवला असता तरी १ आला असता. जबरदस्ती म्हणजे वाचकाला हाकलून देणं नाही. ठरवून दिलेला वेळ तो वाट बघतो आणि मग हात वर करतो. आधी खिडकी बंद करायला हवी होती.

सगळ्यात साधा उपाय वेगळाच आहे: सॉफ्टवेअर नीट बंद करा. शेवटचं कनेक्शन व्यवस्थित बंद झालं की एसक्यूलाइट स्वतः पूर्ण चेकपॉइंट करतो आणि वॉल फाइल काढून टाकतो. फोल्डरमध्ये वॉल फाइल दिसत नसेल, तरच एकटी डीबी फाइल उचला. बंद करणं शक्य नसेल तर कॉपी-पेस्ट करूच नका. एसक्यूलाइटचं बॅकअपचं साधन वापरा, किंवा 'व्हॅक्यूम इन्टू' ही आज्ञा वापरा. ती लॉगमधलं धरून सगळं एका नव्या स्वच्छ फाइलमध्ये लिहून देते. मामांच्या सॉफ्टवेअरमध्ये आता 'पेन ड्राइव्हवर घ्या' असं एक बटण आहे, ते हेच करतं.

तुमच्या फोनमध्ये

व्हॉट्सॲपचे मेसेज फोनमध्ये एसक्यूलाइटच्याच फाइलमध्ये राहतात. अँड्रॉइडमधले कॉन्टॅक्ट आणि एसएमएसही तसेच. तुम्ही नुसते वापरणारे असाल तर तुम्हाला चेकपॉइंटचा विचार करायची गरज नाही, त्या ॲपचा स्वतःचा बॅकअप घेतलात की पुरे. फाइल मॅनेजरमधून वॉल नावाच्या फाइली 'जागा रिकामी करू' म्हणून पुसू नका, एवढंच. एसएचएम फाइल ही लॉगची अनुक्रमणिका असते आणि ती पुन्हा तयार होते. वॉल गेली तर तिच्यातलं परत येत नाही.

ॲप बनवत असाल तर मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवा. रूम लायब्ररी बहुतेक फोनवर न सांगता वॉल मोड वापरते. अँड्रॉइडने आपोआप चेकपॉइंटची मर्यादा १००० वरून १०० पानांवर आणलेली आहे, तरी शेवटच्या नोंदी लॉगमध्येच असतात. त्यामुळे 'एक्सपोर्ट' बटणामागे नुसती डीबी फाइल कॉपी करणारा कोड लिहिलात, तर युजरची आजची नोंद जाणार. टेस्ट करताना हे कळत नाही, कारण आपण ॲप बंद-चालू करून बघतो.

दुसरी गोष्ट मला स्वतःला अर्धा दिवस खाऊन गेली. रूममधून चेकपॉइंटची आज्ञा क्वेरी म्हणून चालवली की कर्सर मिळतो. कर्सर मिळाला म्हणजे आज्ञा चालली असं नाही. त्यावर मूव्ह-टू-फर्स्ट करेपर्यंत काहीच होत नाही. माझा कोड चेकपॉइंट 'मारत' होता आणि वॉल फाइल ढिम्म हलत नव्हती. ती ओळ टाका, पहिला आकडा वाचा, मग कॉपी करा. 'व्हॅक्यूम इन्टू' वापरायचं असेल तर अँड्रॉइड ११ किंवा पुढचा फोन लागतो. त्याआधीच्या फोनमधली एसक्यूलाइट जुनी असते.

सर्व्हरवर नियम थोडे बदलतात

फोनमध्ये अडचण असते ती कॉपीची. कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा पहिल्या नोकरीत पोस्टग्रेस नाहीतर एसक्यूएल सर्व्हर भेटेल, तिथे बहुतेक वेळा अडचण असते ती डिस्क भरल्याची. आणि तिथेच 'चेकपॉइंट मार' हा सल्ला सगळ्यात जास्त फसतो.

पोस्टग्रेसमध्ये आज्ञा एका शब्दाची आहे: चेकपॉइंट. ती सुपरयुजरच देऊ शकतो. आवृत्ती १५ पासून 'पीजी_चेकपॉइंट' ही भूमिका दिलेला युजरही देऊ शकतो. न सांगता तो दर ५ मिनिटांनी होतो, किंवा लॉग १ जीबीच्या मर्यादेजवळ जाऊ लागला की त्याआधी. ते काम तो मुद्दाम सावकाश, पसरून करतो, म्हणजे चालू क्वेरी अडकत नाहीत. हाताने दिलेली आज्ञा मात्र थांबत नाही, डिस्कला जेवढं झेपेल तेवढ्या वेगाने सगळं लिहून काढते. भर गर्दीच्या वेळी दिलीत तर सगळ्यांची कामं मंदावतात.

आणखी एक उलटी गोष्ट. चेकपॉइंटनंतर एखादं पान पहिल्यांदा बदललं की पोस्टग्रेस ते ८ केबीचं अख्खं पान लॉगमध्ये लिहितो, अर्धवट लिहिलेल्या पानाचा धोका टाळायला. म्हणजे दर मिनिटाला हाताने चेकपॉइंट करत बसलात तर लॉग कमी व्हायच्या ऐवजी जास्त तयार होतो. मी ठरवून तो दोनच वेळा वापरते. सर्व्हर रीस्टार्ट करायच्या जरा आधी, म्हणजे बंद होतानाचं काम थोडकं राहतं. आणि एखादी चाचणी सुरू करायच्या आधी, म्हणजे मागचं काम मध्ये येत नाही.

चेकपॉइंट करूनही पोस्टग्रेसचं लॉगचं फोल्डर रिकामं होत नसेल तर कारण दुसरीकडे असतं. कोणीतरी रेप्लिकेशन स्लॉट बनवून विसरलेलं असतं आणि सर्व्हर त्या न येणाऱ्या पाहुण्यासाठी लॉग राखून ठेवतो. किंवा लॉग दुसरीकडे साठवणारी आज्ञा फेल होत असते. उधारीच्या खिडकीचाच मोठा भाऊ. तो स्लॉट काढा, ती आज्ञा दुरुस्त करा. फोल्डरमधल्या फाइली हाताने पुसल्या तर सर्व्हर पुन्हा उठेलच असं नाही. या फोल्डरचं नाव पूर्वी 'पीजी_एक्सलॉग' होतं. नावात लॉग आहे म्हणजे साधा मेसेजचा लॉग असेल, असं समजून लोक ते पुसायचे. म्हणून २०१७ मध्ये आवृत्ती १० ला त्याचं नाव बदलून 'पीजी_वॉल' केलं. माझ्या मामेभावाला एकट्यालाच ते फालतू वाटलं नव्हतं.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये गोष्ट रिकव्हरी मॉडेलवर अवलंबून असते. मॉडेल सिंपल असेल तर चेकपॉइंटनंतर लॉगमधली जागा मोकळी होते. फुल असेल तर कितीही चेकपॉइंट मारा, लॉगचा बॅकअप घेतल्याशिवाय जागा सुटत नाही. ९००२ नंबरची एरर, म्हणजे लॉग भरला, ही बऱ्याचदा यातूनच येते. रोजचा पूर्ण बॅकअप असतो, पण लॉगचा बॅकअप कोणी लावलेलाच नसतो. लॉग नक्की कशासाठी अडलाय हे सर्व्हर स्वतः सांगतो. 'सिस डॉट डेटाबेसेस' या यादीत 'लॉग_रीयूज_वेट_डेस्क' नावाचा रकाना आहे, तो वाचा. तिथे 'लॉग_बॅकअप' दिसलं तर बॅकअप घ्या. 'ॲक्टिव्ह_ट्रान्झॅक्शन' दिसलं तर कोणाचं तरी काम उघडं राहिलंय, ते शोधा.

ओरॅकलमध्ये 'ऑल्टर सिस्टिम चेकपॉइंट' आहे. मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये अशी थेट आज्ञाच नाही, तो आपला आपण थोडं थोडं उतरवत राहतो. तिथे सगळं पक्कं उतरवून सर्व्हर बंद करायचा असेल तर आधी 'इनोडीबी_फास्ट_शटडाउन' ० करा आणि मग बंद करा. वेळ लागेल, मध्येच स्विच बंद करू नका.